उभा क्यू आणि खालचे कापड

परभणीतल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर आठ फुटी पूल टेबल आहे. त्यावर मी साधा खेळ खेळतो आणि माझा भाचा ट्रिक शॉट खेळतो. म्हणजे एक बॉल दुसऱ्यावरून उडवणे, क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, जवळजवळ उभा धरून बॉलला वळसा घ्यायला लावणे, चार-सहा बॉल एकमेकांना चिकटवून मांडून एकाच फटक्यात निरनिराळ्या पॉकेटांत पाठवणे, असे प्रकार. टेबलाचे कापड बदलण्याची वेळ आली तेव्हा हे सगळे नुकसान भाच्याच्या उड्यांनी झाले, याबद्दल घरात कोणाचेच दुमत नव्हते. कापड उतरल्यावर जे दिसले त्याने हे मत बरेच बदलले, आणि पुढे शॉट बंद न करता टेबल राखण्याची जी पद्धत आम्ही बसवली, तिची हकिकत येथे देत आहे.

कारागीर छत्रपती संभाजीनगरहून आले होते. त्यांनी कुशने (कडेच्या रबरी गाद्या) उतरवली, तळाच्या दगडाच्या म्हणजे स्लेटच्या कडेखालच्या प्लायवुडमधल्या पिना पक्कडीने एकेक करून उपटल्या आणि मोकळे झालेले कापड गुंडाळून न ठेवता माझ्या हाती एक टोक देऊन खिडकीसमोर ताणून धरले. ब्रेक, म्हणजे रचलेले बॉल फोडणारा पहिला जोरदार फटका, ज्या ठिकाणाहून मारला जातो तिथे उजेडाचे बारीक ठिपके दाटीने दिसत होते, आणि त्यांच्या पुढे हातभर अंतरापर्यंत तसेच ठिपके विरळ होत गेले होते. उभ्या क्यूच्या शॉटच्या खुणा वेगळ्या ओळखू येत होत्या: एका कोपऱ्याजवळ नखाने ओढावे तशा तीन-चार अर्धवट चिरा, बाकी ठिकाणी नुसते खळगे. परंतु कारागिरांनी बोट ठेवले ते तिसऱ्याच गोष्टीवर. कापडाच्या उलट्या बाजूवर आणि खालच्या दगडावर निळसर-करडी भुकटी सर्वत्र बसली होती. त्यांनी ती चिमटीत घेऊन चोळली आणि मला चोळायला लावली. ती पिठासारखी मऊ नव्हती, कचकच लागत होती. "साहेब, पोराच्या शॉटनं कमी आन् ह्या कचीनं जास्त गेलंय कापड," ते म्हणाले.

ही कच म्हणजे मुख्यतः क्यूच्या टिपेला, म्हणजे टोकावरच्या चामड्याला, लावायचा चॉक. त्याला खडू म्हणत असले तरी फळ्यावरच्या खडूशी त्याचा संबंध फारसा उरलेला नाही. अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये ज्या मिश्रणाचे पेटंट घेतले, त्यात सिलिका आणि कुरुंदाच्या जातीचे अपघर्षक होते, आणि आजचे चॉक त्याच वळणाचे आहेत. टिप घसरू नये म्हणून जो खरखरीतपणा हवा, तोच कापडावर पडला की प्रत्येक बॉलच्या वजनाखाली लोकरीचे धागे घासत राहतो. त्यात आमच्याकडची उन्हाळी धूळ मिसळते. वळसा घेणाऱ्या शॉटला चॉक जास्त लागतो हे खरे, त्यामुळे भाचा अगदीच निर्दोष ठरत नाही. मात्र दोष त्याच्या उडीचा नसून टेबलावर वाकून टिपेला चॉक लावण्याच्या सवयीचा होता, आणि ती सवय मलाही आहे.

त्यामुळे पहिला बदल अगदी साधा झाला. चॉक टेबलापासून दूर, भिंतीजवळच्या डब्यावर धरून लावायचा, टिप हलकेच टिचकावून सैल भुकटी डब्यातच पाडायची, आणि चॉकची वडी रेलवर, म्हणजे टेबलाच्या लाकडी काठावर, कधीही पालथी ठेवायची नाही. शिवाय निळ्या कापडावर मी मुद्दाम हिरवा चॉक वापरायला लावला. बहुतेक लोक कापडाच्या रंगाचाच चॉक घेतात, कारण मग घाण दिसत नाही. मला ती दिसायलाच हवी होती.

दुसरी गोष्ट, कोणता शॉट टेबलाला किती झिजवतो याची वाटणी आम्ही आधी करून घेतली. स्पर्धेतल्या आर्टिस्टिक पूलमध्ये शॉटचे आठ प्रकार मानले जातात, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक कापडाच्या दृष्टीने साध्या खेळाइतकेच सौम्य आहेत. कुशनवर आपटून येणारे शॉट, बॉल पुढे धाववणारे शॉट, बॉलांची मांडणी करून मारायचे शॉट यांची काळजी करण्याचे कारण नाही. जोराचा ड्रॉ (आदळल्यावर बॉल मागे आणणारा फटका) आणि ब्रेक यांत बॉल सुरुवातीला लोळत नाही, तो घसरतो. संपर्काच्या त्या एवढ्याशा जागेवर घर्षणाची उष्णता होते, कापडातले कृत्रिम धागे भाजतात आणि पांढरा ठिपका उरतो. ब्रेकच्या वेळी रेल आड येते म्हणून क्यूचे मागचे टोक थोडे वर असते आणि पांढरा बॉल नकळत किंचित उडून पुढे टेकतो. खिडकीसमोर दिसलेली ठिपक्यांची रांग तीच होती. खरी जोखीम उरते ती उडीच्या आणि मॅसे, म्हणजे उभ्या क्यूने बॉल वळवण्याच्या, शॉटची. मॅसेमध्ये बॉल टिप आणि दगड यांच्यामध्ये चेपला जातो, आणि मध्ये असते फक्त कापड. चामड्याची टिप रूढ करणारे फ्रेंच खेळाडू मिंगो यांच्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या शॉटचे श्रेय जाते. टिपेशिवाय तो शक्यच नाही, आणि टेबलाला इजा होण्याचे सूत्रही टिपेपाशीच आहे.

कापड निवडताना थोडा विचार करावा लागला. लव असलेले कापड स्नूकरच्या टेबलांवर असते. ते लवेच्या दिशेने झाडावे लागते, इस्त्री करावे लागते, आणि धूळ लवेत धरून ठेवते. विंचरलेल्या लोकरीच्या पिळदार सुताचे कापड घट्ट विणीचे, बिनलवेचे असते, बॉल त्यावर वेगाने पळतो आणि धूळ वरच राहते. १६८० पासून चालत आलेल्या बेल्जियमच्या सिमोनिसचे ८६० हे या जातीचे सर्वांना माहीत असलेले कापड, त्यात ९० टक्के लोकर आणि १० टक्के नायलॉन. आम्ही याच जातीचे घेतले. त्यावर भाजल्याचे पांढरे ठिपके जास्त उठून दिसतात आणि कापलेल्या कडेचे सूत सुटते, हे दोन दोष पत्करूनच घेतले. कारागिरांनी ते इतके ताणून बसवले की मला धास्ती वाटली. पण सैल कापडावर बॉलच्या पुढे सुरकुती उठते आणि तिथेच ते लवकर विरते, असे त्यांनी समजावले.

आमच्या टेबलाची स्लेट तीन तुकड्यांची आहे, आणि सांध्यांत काय भरायचे यावर बरीच चर्चा झाली. घट्ट होणारी पुटी उष्णतेला दाद देत नाही, पण बॉल वरून आदळत राहिला तर तिचे कण सुटतात आणि कापडाखाली खड्यासारखे राहतात. मधमाशीचे मेण चेपले जाते, पण त्याचा भुगा होत नाही. ते साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, आणि परभणीचा मे महिना कितीही कडक असला तरी घरातली हवा तिथवर जात नाही. उड्यांचा खेळ आहे म्हटल्यावर कारागिरांनी मेणच भरले, बर्नरने वितळवून सांध्यात सोडले आणि थंड झाल्यावर पात्याने दगडाच्या पातळीला खरवडले. ज्यांच्या टेबलाचा तळ दगडाचा नसून एमडीएफचा, म्हणजे दाबून बनवलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा, आहे, त्यांनी उडीचे शॉट त्यावर खेळूच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. कापड बदलता येते, पण तळाला पडलेला खळगा तसाच राहतो.

आता चकत्यांविषयी, कारण सर्वांत अधिक उपयोग त्यांचाच झाला. पांढऱ्या बॉलखाली त्याच जातीच्या कापडाचा छोटा तुकडा ठेवून मॅसे मारला, तर पहिला दणका तो तुकडा घेतो. जुन्या कापडाचा जो पट्टा वर्षानुवर्षे कुशनखाली दबलेला होता तो जवळजवळ कोरा निघाला. त्यातून तळहाताएवढ्या गोल चकत्या कापण्यासाठी मी शिंप्याकडे गेलो. त्यांनी कापड बोटांत घेऊन पाहिले आणि म्हणाले, "सर, कडेनं इंटरलॉक मारून देतो, सूत निघायचं नाही." त्यांचे म्हणणे शिवणकामाच्या दृष्टीने बरोबर होते, पण इंटरलॉकचा दोरा कडेला उंचवटा करतो आणि वळणारा बॉल नेमका त्यावरून जातो. शेवटी चकत्या नुसत्या धारदार कात्रीने कापून घेतल्या, थोड्या मोठ्या, म्हणजे सूत सुटले तरी मधला भाग शाबूत राहील. कोपरे असलेला चौकोनी तुकडा टाळावा. कोपरा वर वळतो आणि बॉलला अडतो.

भाच्याची यावर एक रास्त हरकत होती. चकतीवरून उतरताना बॉल तिच्या जाडीएवढा खाली येतो, त्यामुळे मंद आणि कमी वळणाचा शॉट किंचित चुकतो. आम्ही पडताळून पाहिले. पूर्ण जोराच्या मॅसेला फरक जाणवत नाही, हलक्या शॉटला जाणवतो. म्हणून नियम असा ठरला की सरावात दोन चकत्या एकावर एक, कोणाला दाखवायचे असेल तेव्हा एक, आणि क्यू फारसा उभा नसलेल्या हलक्या वळणाला एकही नाही. ब्रेकसाठीही चकती ठेवतोच, कारण भाजल्याचे ठिपके तिथेच सर्वाधिक होते.

नवा शॉट शिकताना मात्र चकतीवरही विसंबून चालत नाही, कारण क्यू घसरला की टिप बॉलच्या बाजूने निसटून चकतीच्या बाहेर उतरते. त्यासाठी एक वेगळीच सोय झाली. स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला कडप्प्याचा तुकडा गच्चीच्या जिन्याखाली पडून होता. तो भक्कम बाकावर ठेवून उंची टेबलाच्या बरोबरीची, म्हणजे जमिनीपासून सुमारे ३० इंच केली, त्यावर जुने कापड ताणून खालच्या बाजूला चिकटवले, आणि तीन बाजूंनी आजीच्या जुन्या वाकळीच्या घड्या उभ्या करून बॉल अडवण्याची व्यवस्था केली. क्यू किती उभा धरायचा, मनगट किती सैल ठेवायचे, फटका कुठे थांबवायचा हे सगळे भाचा या दगडावर घोटतो. बॉल कुठे जातो हे तिथे पाहायचेच नसते. टिप कापडाला लागली की नाही, एवढेच पाहायचे असते. टिपेला गडद चॉक लावलेला असल्याने तिचा स्पर्श झाला तर लगेच ठसा उमटतो. ठसे उमटायचे थांबल्यावर तो शॉट टेबलावर न्यायचा. घरातल्या इतरांना हा दगड विनोदी वाटतो. मला तो सगळ्या खटाटोपातला सर्वांत शहाणा भाग वाटतो.

टिपेकडे लक्ष देण्याची सवय तेव्हापासून लागली. चपटी झालेली, कडेने फुगून बाहेर आलेली टिप धारेसारखे काम करते, आणि टिप फार झिजून पातळ झाली की खालच्या कडक फेरुलची (टिप ज्यावर बसते त्या टोपणाची) कड कापडापर्यंत पोहोचते. कोपऱ्यातल्या त्या चिरा अशाच टिपेच्या असाव्यात असे कारागिरांचे निदान होते. आता टिप गोलाईत घासलेली असते आणि मॅसेचा क्यू वेगळा ठेवला आहे. उडीच्या शॉटला वेगळा आखूड क्यू असतो. नियमाप्रमाणे त्याची लांबी किमान ४० इंच लागते. उडी वरच्या भागावर खाली मारूनच घ्यायची असते. बॉलच्या बुडाखाली टिप खुपसून तो उचलणे नियमात फाऊल आहे, आणि कापडाच्या दृष्टीने तर त्याहून वाईट, कारण त्यात टिप कापड खरवडतच पुढे जाते. भाच्याच्या मित्रांना टेबलावर हात लावण्यापूर्वी एवढे एकच सांगावे लागते.

उडालेला बॉल कुठे टेकतो याचाही हिशेब ठेवला. उडीच्या सरावासाठी टेबलाची एक बाजू ठरवून दिली, ब्रेकच्या रेषेपासून आणि बॉल रचायच्या जागेपासून दूर, आणि काही काळाने ती बदलतो, म्हणजे खुणा एकाच जागी साठत नाहीत. काही पांढऱ्या खुणा नुसत्या भुकटीच्या असतात आणि किंचित ओलसर फडक्याने पुसल्या जातात. ज्या जात नाहीत त्या भाजलेल्या धाग्यांच्या, त्या घासून काढण्याचा नाद सोडावा.

बॉल टेबलाबाहेर जातो तेव्हा प्रश्न फरशीचा येतो. आमच्या वरच्या खोलीत शहाबादी फरशी आहे. पूलचा बॉल फिनॉलिक रेझिनचा, ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा आणि १५६ ते १७० ग्रॅम वजनाचा. तो कठीण असला तरी दगडावर पडून त्याचा टवका उडू शकतो, आणि टवका उडालेला बॉल त्यानंतर टेबलावर जिथे जिथे लोळतो तिथे कापड ओरखडत जातो. टेबलाभोवती रबरी मॅट अंथरल्या. जमिनीवर पडलेला प्रत्येक बॉल परत टेबलावर येण्यापूर्वी जुन्या नायलॉनच्या ओढणीत गुंडाळून हातात फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारी चीरही त्या ओढणीत लगेच अडकते. उडीच्या सरावाला जुना संच, खेळायला चांगला संच, अशी विभागणी केली आहे. बॉल धुताना बोअरचे जड पाणी वापरले तर वाळल्यावर क्षारांचा पांढुरका थर राहतो, म्हणून फिल्टरचे पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ फडके.

मांडणीच्या शॉटमध्ये बॉल एकमेकांना अगदी चिकटून राहावे लागतात, आणि त्यासाठी बॉलवर दुसरा बॉल ठोकून कापडात बारीक खळगा पाडण्याची जुनी रीत आहे. ती आमच्याकडे बंद आहे. फायलीतल्या कागदाच्या छिद्राला मजबुतीसाठी लावतात त्या गोल चिकट कड्या बॉलखाली लावल्या की तो हलत नाही, आणि खेळाडूही त्या सर्रास वापरतात. फक्त आमच्या हवेत त्यांची एक खोड आहे: एप्रिल-मे मध्ये रात्रभर राहिल्या तर गोंद मऊ होऊन कापडात उतरतो आणि त्यावर धूळ धरते. म्हणून सराव संपला की कड्या त्याच दिवशी काढायच्या. बाटल्या, नाणी, पेले यांसारखी सामग्री टेबलावर ठेवताना तिच्या बुडाला कापडाची टिकली लावतो. रेलवर बसून फोटो काढण्याची पाहुण्यांची हौस मात्र मी सक्तीने मोडतो. जीन्सच्या रिवेटने पॉलिश जाते ते जाते, शिवाय रेलचे बोल्ट ढिले पडून कुशन मेल्यासारखे वाजू लागते.

हवामानाचा भाग मराठवाड्यातल्या प्रत्येक टेबलवाल्याला लागू आहे. उन्हाळ्यात सगळीकडे कूलर असतो आणि त्याचा झोत खोलीतल्या सर्वांत मोठ्या वस्तूवर, म्हणजे टेबलावर, येतो. लोकर दमट हवेतले पाणी शोषते. कापड जड होते, बॉल मंदावतो, मग खेळणारा जोर वाढवतो आणि झीजही वाढते. कूलरची दिशा बदलली आणि खेळ नसताना टेबलावर रेक्झिनचे आवरण घालायला सुरुवात केली, पण कापड दमट असताना मात्र नाही. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला, कारण उन्हाने लोकरीचा रंगही जातो आणि जीवही जातो. पावसाळ्यानंतर कसरीकडे पाहावे लागते. लोकर आहे म्हटल्यावर कसर लागणारच, आणि ती लागते कुशनखालच्या अंधाऱ्या कडेत, जिथे कोणी झाडत नाही. डांबराच्या गोळ्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून टेबलाच्या सांगाड्याला खालून टांगल्या आहेत. कापडावर ठेवायच्या नाहीत.

झाडण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आधी कुशनच्या खालची खाच, मग मधले मैदान, ब्रश एकाच दिशेने, गोल गोल कधीच नाही. व्हॅक्यूम वापरला तर कमी ओढीचा, फिरता ब्रश काढून टाकलेला, आणि कापड वर खेचले जाणार नाही इतक्या बेताने.

चकत्यांच्या मागे भाचा आता पेनाने महिना लिहितो. जीर्ण झालेली चकती उजेडासमोर धरली की मधोमध तेच ठिपके आणि त्याच चिरा दिसतात, आणि टेबलावरच्या कापडात त्या जागी अजून तसे काही नाही. कडप्प्यावरचे कापड तर एकदा पार फाटले आणि बदलून झाले; त्यासाठी कारागिरांनी दिलेले नव्या कापडाचे काठ उपयोगी पडले. कापड बसवून देणाऱ्याकडून उरलेले काठ आठवणीने मागून घ्यावेत, कारण बहुतेक जण ते गुंडाळून घेऊन जातात. कुशनांचे रबर कडक होत चालले आहे, असे कारागीर जाताना सांगून गेले होते. ते बदलायचे झाले तर रेल पुन्हा उतरवाव्या लागतील आणि कापडाच्या उलट्या बाजूवर किती भुकटी जमली आहे, हेही तेव्हा पाहून घेता येईल.